वाड्यातल्या कोठीच्या खोलीसाठी हाताळायचं कोडं कसं बांधायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकजवळच्या एका जुन्या वाड्यात तुम्ही प्रेक्षकांनी स्वतः फिरून अनुभवायचा खेळ उभारताय. तीन खोल्या आहेत, दर वीस मिनिटांनी सहा ते आठ जणांचा नवा गट आत जाणार आहे. मधली खोली धान्याच्या कोठीची. तिथे खेळणाऱ्यांनी प्रत्यक्ष वस्तू हाताळून सोडवायचं एक कोडं हवंय. तुमच्याकडे आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) वापरता येणारा एक मुलगा आणि एक चांगला सुतार आहे. आरएफआयडी (वस्तूला लावलेला टॅग रेडिओलहरींनी ओळखणारी यंत्रणा) घ्यावं की चुंबकाचे सेन्सर, कुलूप कोणतं लावावं आणि कोडं अवघड किती असावं, असं तुम्ही विचारलंय.

सेन्सरचा प्रश्न सर्वात शेवटी सोडवा. ज्या खोल्या उघडल्यानंतर सहा महिन्यांत बंद पडतात किंवा 'आज हे चालत नाहीये, पुढे चला' असं सांगत चालवल्या जातात, त्यातल्या बहुतेकींत आधी सेन्सर विकत आणलेला असतो आणि मग त्याच्याभोवती कोडं रचलेलं असतं. तुम्ही आधी हात काय करणार ते ठरवा. उचलणार, फिरवणार, ओढणार, तोलणार, की रचणार? ती हालचाल त्या खोलीच्या गोष्टीतलीच असली पाहिजे. कोठीच्या खोलीत माणूस काय करत होता? माप भरत होता, तोलत होता, वहीत लिहीत होता. तिथे लेझरचे किरण किंवा रंगीत बटणं आली की वाडा नुसता पडदा होऊन जातो.

या प्रकारच्या खेळांची, म्हणजे एस्केप रूमची, सुरुवात 2007 मध्ये क्योटोत ताकाओ कातो यांनी केली. तेव्हा भर कागदावरच्या कोड्यांवर होता. 2011 मध्ये बुडापेस्टला पॅरापार्क हे असंच खेळाचं ठिकाण सुरू झालं, युरोपात हा प्रकार पसरला आणि पुढे खोल्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिरलं. अमेरिकेतल्या सांता फेला मिआऊ वुल्फ या कलाकारांच्या गटाने 2016 मध्ये एका जुन्या बोलिंग ॲलीत उभारलेलं घर मात्र वेगळ्या जातीचं आहे. तिथे कुठलंही कोडं तुमची वाट अडवत नाही. शोधलं तर सापडतं, नाही शोधलं तरी तुम्ही पुढे जाता. तुमचा खेळ या दोहोंच्या मधला आहे. गट ठरावीक वेळेला सुटतात, म्हणजे तुमचं कोडं वाट अडवणारं आहे, आणि मागून पुढचा गट येतोय. वीस मिनिटांच्या चक्रात खेळायला चौदा, मदत करून सोडवून द्यायला दोन, पुढे जायला एक आणि खोली पुन्हा मांडायला तीन, एवढाच हिशोब आहे. अवघडपणाचं उत्तर त्यातच आलं. साधारण गटाने सात-आठ मिनिटांत सोडवावं आणि हळू गटालाही चौदाव्या मिनिटापर्यंत निम्म्याहून जास्त सुटलेलं असावं.

आता कोठीसाठी मी काय करेन ते सांगतो. आपल्याकडची धान्याची जुनी मापं दुपटीच्या हिशोबाने चालायची. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. शेर गावोगावी लहानमोठा असायचा, पण दुपटीची ही उतरंड बहुतेक ठिकाणी ओळखीची होती. 1956 च्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली आणि ही मापं हळूहळू बाजारातून उठली, तरी ज्यांच्या घरी आजी-आजोबा होते त्यांच्या कानावर पायली आणि मापटं नक्की आहे. आणि कोडं रचणाऱ्याच्या दृष्टीने ही उतरंड अतिशय देखणी आहे. प्रत्येक माप एकच असेल, तर कोणतीही बेरीज एकाच प्रकारे जमते. तीन कोळव्यांइतकं धान्य हवं तर कोळवं आणि चिपटं, दुसरा पर्यायच नाही. एका प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं निघाली की खेळणाऱ्याचा विश्वास उडतो. इथे ती भीती मुळातच नाही.

मांडणी अशी. फळीवर पितळेची सहा भरलेली मापं, कडेवर नाव कोरलेलं: कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. भिंतीशी एक तागडी. समोर कोठीचा पाट, ज्यावर माप ठेवून दिवाणजी नोंद करायचे. पाटाशेजारी वही उघडी, तीन नोंदी वाचता येतील अशी: 'तीन कोळवी', 'सात मापटी', 'एकवीस चिपटी'. खेळणाऱ्यांनी प्रत्येक नोंदीइतकं धान्य पाटावर मांडायचं. पण मापटं तर एकच आहे, सात आणायची कुठून? इथे माणसं थांबतात, एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी तागडीकडे जातं.

तागडीला साखळीने बांधलेलं एक जादा कोळवं ठेवा. साखळी पाटापर्यंत पोचता कामा नये. बांधलेलं आणि सुटं अशी दोन कोळवी एका पारड्यात, चिपटं दुसऱ्यात, दांडी सरळ. मग ती दोन कोळवी आणि चिपटं मिळून मापट्याच्या बरोबर. त्यात मापटं घातलं की शेराच्या बरोबर. अशी पायरी पायरीने पायलीपर्यंत सगळी दुपटीची रीत तागडीवर सिद्ध होते. कुणाला काही आधी माहीत असण्याची गरज नाही. बाहेरचं ज्ञान लागणारं कोडं मी कधीच करू देत नाही. मोडी वाचता येणं, तिथी माहीत असणं, संगीतातले स्वर ओळखणं यावर कोडं उभं केलं की गटातला एक सोडवतो आणि सात जण बघत बसतात. तागडीवर मात्र नऊ वर्षांचं मूलही शोध लावतं. आणि तो शोध हाताने लावलेला असतो, म्हणून लक्षात राहतो.

दुपटीची रीत कळली की सात मापटी म्हणजे चार, दोन आणि एक: अधोली, शेर, मापटं. एकवीस चिपटी म्हणजे सोळा, चार आणि एक: पायली, शेर, चिपटं. पहिली नोंद मुद्दाम सोपी ठेवलीय, कारण ती कोडं नाहीच, ती शिकवणी आहे. कोळवं आणि चिपटं ठेवलं, घंटा वाजली, की या खोलीत काय चालतं हे सगळ्यांना कळतं. पहिला विजय दोन-तीन मिनिटांत मिळालाच पाहिजे. त्यानंतर माणसं कितीही वेळ झटतात.

वाड्यात अमराठी पाहुणेही येणार. त्यासाठी वहीत प्रत्येक नोंदीतल्या मापाच्या नावाशेजारी त्या मापाचं छोटं रेखाचित्र आणि पुढे त्या संख्येइतके ठिपके काढा. अक्षरं मोठी हवीत, कारण खोलीत उजेड कमी असणार. रंगावर कोणतीही खूण टांगू नका. समईच्या पिवळ्या उजेडात लाल आणि तपकिरी एकच दिसतात, आणि काही पाहुण्यांना ते एरवीही वेगळे दिसत नाहीत.

खरं धान्य ओतण्याचा मोह तुमच्या गटात कुणाला तरी होईलच. ओतण्याचा आवाज, वास, सगळं सुंदर असतं हे मान्य. पण पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्वारी फटींमध्ये, पावसाळ्यात कीड, मग उंदीर, आणि दर गटानंतर केरसुणी. तीन मिनिटांत खोली मांडून होणार नाही. मापं भरलेली आणि बंद ठेवा: वर ज्वारीचा एक थर इपॉक्सीत बसवलेला, खाली वाळू आणि पितळेचा भुगा. वरून धान्यच दिसतं, बोट लावलं तरी दाणे लागतात.

वजनं ठरवताना मी कोळवं 100 ग्रॅम धरतो. मग चिपटं 200, मापटं 400, शेर 800, अधोली 1600, पायली 3200. सगळी मिळून 6300 ग्रॅम. पायली दोन हातांनी उचलावी लागते आणि ते चांगलंच आहे. हाताला जडपणा कळणं हा या कोड्याचा अर्धा आनंद आहे. नाशिकच्या भांडीबाजारात किंवा पुण्याच्या तांबट आळीत कारागिराकडून भांडी घडवून घ्या. मठारकामाची पितळ उजेडात वेगळीच दिसते. एक काळजी घ्या: कोळव्याचं रिकामं भांडं 70 ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर भरायला जागाच उरत नाही. प्रत्येक माप भरताना ग्रॅमपर्यंत जुळवा. पायली एका पारड्यात आणि बाकी सगळी दुसऱ्यात, अशी शेवटची तुलना होते तेव्हा पाच मापांच्या आणि बांधलेल्या कोळव्याच्या चुका एकत्र येतात.

त्याच कारणाने तागडी फार हळवी करू नका. दुकानातली चांगली तागडी दोन-तीन ग्रॅमलाही झुकते आणि डोलत राहते, थांबत नाही. खेळणाऱ्याला 'बरोबर' हे उत्तर चटकन आणि निःशंक मिळायला हवं. दांडीचा गुरुत्वमध्य टेकूच्या थोडा जास्त खाली जाईल असा जडपणा खालच्या बाजूला द्या. दांडी लवकर स्थिरावते आणि पाच-सात ग्रॅमचा फरक तिला जाणवत नाही. 100 ग्रॅमचा फरक मात्र ठसठशीत दिसतो. दोन्ही पारड्यांखाली नमद्याची गादी ठेवा, पारडं आपटलं की काटा वाकतो.

आता सेन्सर. आरएफआयडी घेतलं तर आरसी522 हे टॅग वाचणारं कार्ड स्वस्त आहे, पण पितळेचं भांडं टॅगच्या अंगाला लागलं की वाचन बिघडतं. बूड लाकडाचं करावं लागेल, शिवाय पाटाखाली अशी कार्डं किती लावणार आणि माप कडेला ठेवलं तर काय? चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा छोटा स्विच) फार भरवशाचं जोडपं आहे, मी कितीतरी ठिकाणी तेच वापरतो. पण इथे लहान माप मोठ्याच्या खाचेत बसतं आणि कोणतं माप कुठे आहे हे त्याला ओळखता येत नाही. या कोड्याला खरं तर मापं ओळखायची गरजच नाही. फक्त बेरीज हवी आहे, आणि बेरीज म्हणजे वजन. पाटाखाली एक लोड सेल, म्हणजे वजन मोजणारा सेन्सर, पुरे. दुपटीच्या वजनांमुळे पाटावरचा प्रत्येक आकडा एकाच मांडणीचा असतो. एक सेन्सर, चार तारा, माप कुठेही ठेवलं तरी चालतं, आणि खेळणाऱ्याला काही दिसत नाही.

लोड सेल 20 किलोचा पट्टीचा घ्या, सोबत एचएक्स711, म्हणजे सेलचा बारीक संकेत मोठा करून बोर्डाला आकड्यात देणारं कार्ड. ते कार्ड सेलच्या अगदी जवळ, पाटाखालीच बसवा. सेलपासूनच्या तारांमध्ये मिलिव्होल्टचा खेळ असतो, त्या लांबवल्या की पंख्याची मोटरसुद्धा वाचनात दिसते. पट्टीचं एक टोक चौकटीला, दुसरं पाटाला, आणि मधे ती कशालाही टेकता कामा नये. मग पाटाच्या चारही कोपऱ्यांखाली अडसराचे स्क्रू लावा, एक मिलिमीटरपेक्षाही कमी फट ठेवून. कारण पाटावर मूल बसणार आहे. मोठी माणसंही फोटो काढताना टेकतात. ओझं वाढलं की पाट स्क्रूवर टेकतो आणि सेल बचावतो. फट नेमकी बसवायला सुताराला वेळ द्या. या कामात घाई झाली की सेल महिनाभरात वाकतो आणि वाचन शून्यावर परत येत नाही.

प्रोग्राम साधा आहे, पण दोन ठिकाणी विचार लागतो. पहिलं, वजन दीड सेकंद स्थिर राहिल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. नाहीतर पायली ठेवताना हाताच्या दाबाने मधेच 4200 ओलांडून जाईल आणि घंटा चुकून वाजेल. बरोबर धरायची मर्यादा दोन्ही बाजूंना 30 ग्रॅम ठेवा. दुसरं, शून्य. बोर्ड सुरू होताना पाट रिकामा आहे असं गृहीत धरून शून्य ठरवू नका. वीज गेली आणि आली तेव्हा पाटावर शेर असेल तर त्यानंतरची सगळी उत्तरं 800 ने चुकतील, आणि का चुकतात हे बाहेर कुणालाही कळणार नाही. रिकाम्या पाटाचं वाचन ईईपीरॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या बोर्डाच्या स्मृतीत, जपून ठेवा. वाचन शून्याच्या आसपास 30 ग्रॅमच्या आत पाच सेकंद स्थिर असेल तरच शून्य हळूच सरकवा. तापमानाने होणारी सरक एवढ्यात सामावते.

त्यातून एक सुंदर सोय मिळते. पाटावर फक्त मापं असतील तर स्थिर वाचन नेहमी 100 च्या पटीजवळ येतं. ते दोन पटींच्या मधे रेंगाळत असेल तर पाटावर कुणाचा तरी मोबाईल आहे किंवा कोपर टेकलंय. तेव्हा पाटाजवळची समई मिणमिणू द्या आणि हात काढला की स्थिर होऊ द्या. एखाद्या मोबाईलचं वजन नेमकं 200 ग्रॅमच्या आसपास निघालं तर समई फसेल, पण तो प्रसंग नियंत्रणात बसलेला माणूस कॅमेऱ्यात पाहून सांभाळू शकतो.

चूक उत्तराला काय करायचं हा मला सेन्सरपेक्षा मोठा प्रश्न वाटतो. बहुतेक ठिकाणी चुकलं तर काहीच होत नाही. मग खेळणाऱ्याला कळत नाही की आपण चुकलो, की यंत्र बिघडलंय. ती शंका आली की माणूस विचार सोडून वस्तू उपटायला लागतो. कोड्याने प्रत्येक कृतीला उत्तर दिलंच पाहिजे. इथे वजन स्थिरावलं आणि चूक असेल तर पाटाखालून लाकडावर लाकूड आपटल्याचा एक दबका 'टक' येऊ द्या. एक छोटा सोलेनॉइड, म्हणजे वीज दिली की दांडी ढकलणारी कॉइल, तेवढं करतो. बरोबर असेल तर पितळी घंटा, खरीखुरी, स्पीकरमधली नाही. आणि वहीच्या त्या नोंदीशेजारचा लाकडी खुंट आत ओढला जातो, म्हणजे किती झालं आणि किती राहिलं हे खोलीत उशिरा आलेल्यालाही दिसतं. तिसऱ्या घंटेबरोबर कोठीचा खण पुढे येतो.

सगळ्या मांडण्या एकामागून एक करून पाहणारे भेटतील. सहा मापांच्या रिकामा पाट सोडून 63 मांडण्या होतात. नोंदीला तेवढ्या करायच्या तर पाच-सहा मिनिटं जातात. त्यावर दंड किंवा कुलूपबंदी लावू नका. इतकं वजन उचलता उचलता त्यांनाही दुपटीची रीत कळते, म्हणजे ते दुसऱ्या दाराने त्याच खोलीत येतात.

सहा-आठ जणांना एकाच वेळी काम मिळतं का ते पाहा. तागडीवर दोघं, पाटावर दोघं, वहीशी एक, मापं ने-आण करायला एक. तागडी आणि पाट खोलीच्या दोन टोकांना ठेवा म्हणजे सगळी गर्दी एका जागी होत नाही आणि माणसांना एकमेकांशी मोठ्याने बोलावं लागतं. "चिपटं इकडे दे!" अशी हाक ऐकू आली की समजा खोली जिवंत आहे. पाटाची उंची जमिनीपासून 75 सेंटिमीटरच्या आसपास असू द्या, म्हणजे मुलांना आणि चाकाच्या खुर्चीवरच्या पाहुण्यांना तो सहज पोचतो. पाटाभोवती जमिनीवर जाड रबर आणि त्यावर चटई घाला, पायली कधीतरी पडणारच.

खणाच्या कुलपाबद्दल. खण माणूस अडकवत नाही, म्हणून तिथे वीज मिळाल्यावर उघडणारा 12 व्होल्टचा लॅच चालेल. त्याला मागून किल्लीने उघडायची सोय हवीच. लॅच असो की सोलेनॉइड, कॉइलवर उलटा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), 1एन4007 चालतो, आठवणीने लावा. तो नसला की कुलूप सुटतं त्याच क्षणी बोर्ड रिसेट होतो, आणि पोरं प्रोग्राममध्ये चूक शोधत रात्र काढतात. ब्रेडबोर्ड आणि टोचायच्या तारा नमुन्यापुरत्याच ठीक. खोलीत स्क्रू टर्मिनल, तारांच्या टोकांना फेरूल (धातूच्या टोप्या) आणि प्रत्येक तारेवर चिठ्ठी. खुंटांची स्थितीही ईईपीरॉममध्ये ठेवा, म्हणजे इन्व्हर्टरवर जाताना वीज क्षणभर गेली तरी गटाची कमाई पुसली जात नाही.

खोलीच्या दाराचं गणित वेगळं आहे आणि तिथे तडजोड नको. दारावर फक्त वीज गेल्यावर आपोआप सुटणारं चुंबकी कुलूप. आतून दारापाशी ठळक हिरवं बटण, जे चुंबकाची वीज तारेनेच तोडतं. मधे आर्डुइनो नको, रिले (विजेने चालणारा स्विच) नको. आगीच्या अलार्मचा संपर्कही त्याच मालिकेत. 4 जानेवारी 2019 ला पोलंडमधल्या कोशालिनमध्ये अशाच एका खेळाच्या जागेत आग लागली आणि पंधरा वर्षांच्या पाच मुली गेल्या. खोलीच्या दाराला आतून मूठ नव्हती. 25 मे 2024 ला राजकोटच्या गेम झोनच्या आगीत लहान मुलांसह पंचवीसहून अधिक माणसं गेली. तुमचा वाडा सागवानी आहे, जुना आहे, जिना अरुंद आहे. राष्ट्रीय इमारत संहितेच्या अग्निसुरक्षेच्या भागाप्रमाणे बाहेर पडायच्या वाटा आधी आखून घ्या, 2006 च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्याखाली परवानाधारक माणसाकडून काम करून घ्या आणि अग्निशमन दलाचं ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्यावरच कोड्यांच्या वायरिंगला हात घाला. समयांमध्ये ज्योत एलईडीचीच. दुसरी वाट निघत नसेल तर त्या खोलीला दार लावूच नका. पडदा लावा आणि कोड्याचं बक्षीस खणात ठेवा. माझ्या मते कोठीसाठी तेच योग्य आहे. माणसं कोंडली गेल्यामुळे झटत नाहीत, उत्सुकतेमुळे झटतात.

नियंत्रणात बसणाऱ्या माणसाला एक बटण द्या, जे खण थेट उघडतं. तेही बोर्डाला वगळून. चौदाव्या मिनिटाला त्याने ते दाबायचं, पण दिवाणजींच्या आवाजात 'आजचा हिशोब मीच पुरा करतो' असं ध्वनिमुद्रण लावून, म्हणजे गट हरल्याची भावना घेऊन पुढे जात नाही. त्याआधीच्या सूचनाही दिवाणजींच्याच. पहिली सूचना तागडीकडे बोट दाखवणारी, दुसरी साखळीच्या कोळव्याबद्दल. उत्तर सांगणारी सूचना ठेवूच नका.

आता नमुना. पितळ घेण्याआधी घरातल्या डब्यांत वाळू भरून वजनं करा, पाटाखाली स्वयंपाकघरातला डिजिटल काटा ठेवा, आणि एक माणूस टेबलाखाली बसून आकडा वाचून हाताने घंटा वाजवेल. एवढ्यावर कोडं पूर्ण खेळता येतं. निदान सहा-सात वेगवेगळे गट बोलवा: शेजारची मुलं, एखादं आजोबा-नातवंडांचं कुटुंब, कॉलेजचे मित्र, आणि असा एक गट ज्याला मराठी येत नाही. तुम्ही कोपऱ्यात उभे राहा आणि तोंड उघडू नका. हे फार कठीण जातं. पण 'अहो, तागडी बघा ना' हे शब्द तुमच्या तोंडून निघाले की तो प्रयोग वाया गेला. टिपायचं काय, तर पहिला हात कुठे जातो, कोणती वस्तू विनाकारण उचलली जाते, आणि गट गप्प कधी होतो. शांततेचे दोन प्रकार असतात. विचार करणाऱ्या गटाचे डोळे एका वस्तूवर असतात. हरवलेल्या गटाचे भिंतींवर फिरतात. दुसऱ्या प्रकारची शांतता अर्ध्या मिनिटाहून लांबली तिथे खूण कमी पडतेय.

भिंतींवर शोभेसाठी काही लावणार असाल तर त्यात आकडे नकोत. जुनी दिनदर्शिका, तारखेचा फोटो, खुणा केलेली काठी, यातलं काहीही दिसलं की हुशार गट त्यातून उत्तर काढायला लागतो आणि दहा मिनिटं घालवतो. अडकित्ता, पानपुडा, सुपं, रोवळ्या खुशाल टांगा.

पावसाळ्याचा विचार आत्ताच करा. जुन्या वाड्यात जुलैमध्ये लाकूड फुगतं, खण अडकतो, आणि लॅच सुटूनही काही होत नाही. खणाची आतली पेटी वॉटरप्रूफ प्लायची करा, दर्शनी फळी सागवानी ठेवा, दोन्ही बाजूंना मोकळी फट सोडा, आणि खण पुढे ढकलायला मागे स्प्रिंग द्या. एचएक्स711 च्या कार्डावर संरक्षक लॅकरचा थर मारा. पितळेला लॅकर लावू नका, हाताळून तिला जी झळाळी येते ती कोणत्याही रंगकामाने येत नाही. हिरवट पडली तर चिंचेने घासून कोरडी करायची.

खोली मांडणाऱ्या माणसाचं काम या कोड्यात फार थोडं आहे, म्हणूनच मला ते आवडतं. सहा मापं फळीवर, तागडी रिकामी, खण आत ढकलायचा, खुंट बाहेर काढायचे बटण दाबायचं. फळीवर प्रत्येक मापाच्या बुडाच्या आकाराची उथळ खाच ठेवा, म्हणजे एखादं माप गायब असेल तर लांबून दिसतं. कोळव्याचा एक जादा नग भरून, तोलून तयार ठेवा. लहान वस्तू खिशातून जातात, बहुतेक वेळा नकळत. दर सोमवारी खेळ सुरू होण्याआधी सगळी मापं डिजिटल काट्यावर एकदा तोला आणि आकडे वहीत लिहा. एखादं पाच ग्रॅमने हललेलं दिसलं तर इपॉक्सीला तडा गेलाय आणि वाळू झिरपतेय, ते त्याच दिवशी बदला. लोड सेलची तपासणीही त्याच वेळी: रिकामा पाट, मग पायली, मग सगळी सहा. 0, 3200, 6300.